अकरावी-बारावीचा अतिअभ्यास आणि मुलांचे मन: ताण कधी आजार होतो आणि घरच्यांनी काय करावे

थोडक्यात

- परीक्षेचा थोडा ताण स्वाभाविक असतो. तो दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज टिकला आणि झोप, भूक, अभ्यास यांवर परिणाम करू लागला, तर डॉक्टरांना दाखवा.
- हुशार मुलाचे गुण अचानक घसरले, तर आळसाचा ठपका ठेवण्याआधी त्याची झोप आणि मनःस्थिती विचारा.
- किशोरवयात रोज ८ ते १० तास झोप लागते. झोप कापून केलेला अभ्यास नीट लक्षात राहत नाही.
- नैराश्य आणि चिंताविकार यांवर परिणामकारक उपचार आहेत. लवकर सुरू केले तर वर्षही सहसा वाया जात नाही.
- मूल मरणाविषयी बोलत असेल तर वाट पाहू नका. टेली-मानस: १४४१६ (२४ तास, मोफत, मराठीतही). तातडीची मदत: ११२.

दहावीला ९४ टक्के मिळालेला मुलगा. लातूरला क्लास लावला, जवळच खोली घेतली, मेसचा डबा सुरू केला. दिवाळीपर्यंत सगळे सुरळीत होते. त्यानंतर दर रविवारी टेस्टच्या सकाळी त्याच्या पोटात कळ येऊ लागली. सोनोग्राफी झाली, रक्त तपासले, ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या. सगळे रिपोर्ट नॉर्मल. "मग दुखतंय कशानं, डॉक्टर?" असे वडील विचारतात. मुलगा मान खाली घालून बसलेला असतो. बाबांना बाहेर बसवून झोपेबद्दल विचारले की तो सांगतो, "रात्री एक वाजता झोपतो, साडेपाचला उठतो. पण झोपच लागत नाही. सारखं वाटतं, माझ्याच्यानं होणार नाही."

गाव बदलते, मुलाच्या जागी मुलगी असते, पोटाऐवजी डोके दुखत असते. बाकी हीच हकीकत आम्ही डॉक्टर वारंवार ऐकतो. नीट आणि जेईईच्या तयारीत असलेल्या मुलांच्या घरच्यांसाठी आणि त्या मुलांसाठी हा लेख आहे. मूल लातूर, नांदेड, पुणे किंवा कोट्याला असो, नाहीतर घरूनच ये-जा करत असो, यातले बरेचसे तुम्हाला लागू पडेल.

ताण म्हणजे नेमके काय?

पेपरच्या आदल्या रात्री धडधडणे, हात गार पडणे, सारखी लघवीला लागणे ही शरीराची तयारी असते. मेंदूला धोक्याची चाहूल लागली की मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथी ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात सोडतात. ठोके वाढतात, लक्ष एकवटते. पेपर संपला की शरीर पूर्वपदावर येते. असा ताण उपयोगाचा असतो.

यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून एक गोष्ट दाखवली. उत्तेजना वाढते तसे शिकणे एका मर्यादेपर्यंत सुधारते, पुढे घसरू लागते. काम जितके अवघड, तितकी ही मर्यादा लवकर येते. माणसाच्या बाबतीतही अनुभव असाच आहे. साधी बेरीज दडपणाखाली जमते. भौतिकशास्त्राचे तीन पायऱ्यांचे गणित जमत नाही.

अतिअभ्यासाच्या वेळापत्रकात अडचण अशी होते की शरीराला पूर्वपदावर यायला वेळच मिळत नाही. रविवारची टेस्ट, सोमवारी निकाल, मंगळवारी नवे प्रकरण, त्यात आधीचा बॅकलॉग. धोक्याची घंटा महिनोन्‌महिने वाजत राहते. त्यामुळे तीन गोष्टी घडतात.

- सुचेनासे होते. गणित सोडवताना आकडे मनात धरून ठेवण्याची मेंदूची जागा मर्यादित असते. "चुकलं तर? मायनस झालं तर?" हे विचार तीच जागा अडवतात. "घरी येतं, पेपरात ब्लँक होतो," ही मुलांची तक्रार खरी असते.
- शरीर बोलू लागते. मेंदू आणि आतडी मज्जातंतूंनी जोडलेली आहेत. म्हणून पोटदुखी, मळमळ, जुलाब, डोकेदुखी, मान आखडणे सुरू होते. रिपोर्ट नॉर्मल असले तरी दुखणे खोटे नसते.
- भावना आवरत नाहीत. विचारपूर्वक निर्णय घेणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत असतो. सतराव्या वर्षी एका टेस्टचा निकाल आयुष्याचा निकाल वाटू शकतो.

या दोन वर्षांत ताण कुठून येतो?

पूर्वीची बारावीही अवघड होती. आताच्या तयारीत काही गोष्टी वेगळ्या आहेत.

*जागांचे गणित.* २०२४ मध्ये सुमारे २३ लाख विद्यार्थ्यांनी नीट दिली. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा तेव्हा एक लाखाच्या थोड्या वर होत्या. म्हणजे एका जागेमागे वीसहून अधिक मुले, आणि त्या जागांपैकी सरकारी महाविद्यालयांतल्या साधारण निम्म्याच. सगळ्यांनी जीव तोडून अभ्यास केला तरी बहुतेकांना जागा मिळणार नाही. हे गणित घरात कुणीतरी मोठ्याने बोलून दाखवायला हवे. नाहीतर जागा न मिळालेला प्रत्येक जण "मीच कमी पडलो" असे समजून बसतो.

*सततची क्रमवारी.* दर आठवड्याला रँक, रँकप्रमाणे बॅच, वरच्या बॅचला चांगले शिक्षक. शाळेत पहिला-दुसरा येणारा मुलगा इथे आठशेवा येतो, कारण आजूबाजूचे सगळेच आपापल्या शाळेतले पहिले-दुसरे असतात. त्याची बुद्धी तीच असते, पण स्वतःकडे पाहण्याची त्याची नजर बदलते.

*उणे गुण.* नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीच्याला वजा एक. काळजी करणारी मुले येणारे प्रश्नही सोडून देतात किंवा घाबरून ठोकताळे मारतात. दोन्हींत गुण जातात आणि काळजी वाढते.

*एकटेपणा.* सोळाव्या वर्षी घर सुटते. डमी प्रवेश असेल तर कॉलेज, गॅदरिंग, मैदान काहीच नसते. खोलीतला मित्र हाच स्पर्धक असतो. खेळ, वाद्य, चित्र या गोष्टी "दोनच वर्षं" म्हणून बंद होतात आणि हातात फक्त गुण उरतात. ज्याच्याजवळ आपली किंमत मोजायला एकच फूटपट्टी आहे, तो ती तुटली की कोसळतो.

*पैशाचे ओझे.* फी, खोली, मेस यांसाठी शेत गहाण पडले, आईचे दागिने गेले, बाबांनी कर्ज काढले हे मुलांना ठाऊक असते. तुम्ही एकदाही बोलून दाखवले नसले तरी ठाऊक असते. त्यामुळे "मला जमत नाहीये" हे वाक्य ओठांवर येत नाही.

झोप: सर्वात आधी जाते, सर्वात आधी परत आणायची

१३ ते १८ वर्षे वयात ८ ते १० तास झोप लागते. या वयात झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा वाढते, त्यामुळे मुलांना नऊ-साडेनऊला झोप येत नाही. हा शरीराचा बदल आहे, हट्ट नाही. पण सकाळी सहाची बॅच असेल तर उशिरा झोपून लवकर उठावे लागते आणि झोप चार-पाच तासांवर येते.

दिवसा वाचलेले पक्के होण्याचे बरेच काम झोपेत चालते. झोपेचे तीन तास काढून अभ्यासाला दिले, तर दिवसभराच्या बाकीच्या तासांचे फळही कमी होते. झोप तुटली की चिडचिड वाढते, "सिली मिस्टेक" वाढतात आणि नैराश्याचा धोकाही वाढतो.

काय करता येईल?

- आधी झोपेचे तास वेळापत्रकात लिहा, उरलेल्यात अभ्यास बसवा. सध्या पाच तास होत असतील तर दर आठवड्याला अर्धा तास वाढवत न्या.
- उठण्याची वेळ रविवारीही फार बदलू नका.
- दुपारनंतर चहा-कॉफी नको. एनर्जी ड्रिंक या वयात नकोच.
- दुपारी वीस-तीस मिनिटांची डुलकी चालते. दोन तास झोपलात तर रात्रीची झोप बिघडेल.
- झोपण्याआधी अर्धा तास फोन खोलीबाहेर किंवा कपाटात ठेवा. गादीवर बसून अभ्यास करू नका.
- नीटचा पेपर दुपारी असतो. मेंदू दुपारी तल्लख हवा. रात्री दोनला जागण्याच्या सवयीचा त्यासाठी उपयोग नाही.

कोणती लक्षणे पाहावीत?

मूल स्वतःहून क्वचित सांगते. घरच्यांना आणि रूममेटना दिसतात ते बदल असे:

- शरीर: सारखी डोकेदुखी किंवा पोटदुखी, भूक मंदावणे किंवा बकाबका खाणे, वजनात फरक, मुलींमध्ये पाळी अनियमित होणे, सतत थकवा.
- मन: उदासी, रडू येणे, "मी काही कामाचा नाही" असे बोलणे, सतत धास्ती. या वयात नैराश्य पुष्कळदा चिडचिडीच्या रूपात दिसते. रडण्याऐवजी मूल अंगावर धावून येते.
- वागणे: मित्रांपासून तुटणे, फोन न उचलणे, अंघोळ आणि कपड्यांकडे दुर्लक्ष, मेस चुकवणे, रात्रभर रील्स पाहणे, गुण लपवणे, खोटे सांगणे.
- अभ्यास: तेच पान पुन्हा पुन्हा वाचणे, टेस्ट बुडवणे, आवडत्या विषयातही रस न वाटणे, गुण अचानक घसरणे.

शेवटच्या गटाकडे विशेष लक्ष द्या. गुण घसरले की क्लासमधून फोन येतो, घरी बोलणी बसतात, फोन काढून घेतला जातो, अभ्यासाचे तास वाढवले जातात. मूल आजारी असेल तर हे सगळे आजार वाढवणारे ठरते. ताप आलेल्या मुलाला आपण पळायला लावत नाही. इथे ताप दिसत नाही, एवढाच फरक आहे.

साधा ताण की आजार?

स्वतःला तीन प्रश्न विचारा.

1. किती दिवस? टेस्टनंतर एक-दोन दिवसांत मूल सावरते का? दोन आठवडे जवळजवळ रोज तीच अवस्था असेल तर तपासणी हवी.
2. किती ठिकाणी? त्रास फक्त पेपरच्या दिवशी होतो, की जेवताना, घरी आल्यावर, सणावारीही होतो?
3. किती अडते? झोप, जेवण, क्लासला जाणे, लोकांशी बोलणे यांपैकी काही बंद पडले आहे का?

या वयात आम्हाला जास्त करून पुढील आजार दिसतात. *जुळवून घेण्याचा विकार*: घर सुटल्यावर किंवा अपयशानंतर काही आठवड्यांत सुरू होणारी, नेहमीपेक्षा जास्त अस्वस्थता. *चिंताविकार*: प्रत्येक गोष्टीची न थांबणारी काळजी. *पॅनिक अटॅक*: काही मिनिटांत शिगेला पोचणारी धडधड, श्वास कोंडणे, "आता मी मरणार" ही भीती. *नैराश्य*: दोन आठवडे किंवा अधिक काळ उदासी वा चिडचिड, कशातच गोडी न वाटणे. *मंत्रचळ*, म्हणजे ओसीडी: उत्तर पुन्हा पुन्हा तपासणे, ओळ "बरोबर" वाटेपर्यंत परत वाचणे. ओसीडीची मुले मन लावून अभ्यास करताना दिसतात, म्हणून तो उशिरा लक्षात येतो.

डॉक्टरांकडे गेल्यावर काय होते?

सुरुवात फॅमिली डॉक्टरांपासून करायला हरकत नाही. थकवा आणि लक्ष न लागणे यांमागे रक्तक्षय, थायरॉइड, ब-१२ किंवा ड जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. भारतात १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसले. म्हणून साधी रक्त तपासणी करून घ्यावी. मात्र हिमोग्लोबिन कमी निघाले म्हणून मनाची चौकशी थांबवू नये. दोन्ही असू शकते.

मनोविकारतज्ज्ञ आधी तुमच्याशी, मग मुलाशी एकट्याने बोलतात. मुलाने एकांतात सांगितलेले सगळे तुम्हाला सांगितले जाणार नाही. जिवाला धोका असेल तर मात्र सांगितले जाते. यात तुम्हाला डावलण्याचा हेतू नसतो. त्याशिवाय मूल बोलत नाही.

*समुपदेशन आणि मानसोपचार.* सौम्य आणि मध्यम त्रासात बहुतेक वेळा हाच पहिला उपचार. त्यातली वर्तन-विचार पद्धती, म्हणजे सीबीटी, पुष्कळ अभ्यासलेली आहे. "या टेस्टला ४०० आले म्हणजे मी संपलो" अशा विचारांतली खोट शोधायला आणि टाळलेल्या गोष्टींना थोडे थोडे सामोरे जायला ती शिकवते. आठवड्यातून एकदा, साधारण दोन-तीन महिने असा काळ धरा. मूल बाहेरगावी असेल तर ऑनलाइनही चालते.

*औषधे.* त्रास तीव्र असेल किंवा बोलण्याने पुरेसा फरक पडला नाही, तर औषधे देतात. या वयात फ्लुओक्सेटिनसारखी एसएसआरआय गटातली औषधे वापरली जातात. परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या काही आठवड्यांत काही मुलांची अस्वस्थता किंवा आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून त्या काळात मूल घरच्यांच्या नजरेसमोर असावे आणि डॉक्टरांची भेट चुकवू नये. बरे वाटले म्हणून औषध स्वतःहून अचानक बंद करू नका.

घरच्यांनी काय करावे?

मूल होस्टेलला असेल तर तुमचा रोजचा फोन हेच त्याचे घर. तो फोन "आज किती आले?" या प्रश्नाने सुरू होत असेल तर मूल हळूहळू फोन टाळू लागते. पहिली पाच मिनिटे अभ्यासाचा विषय काढू नका. मेसला भाजी काय होती, रूममेट कसा आहे, घरी मांजरीला पिले झाली, हे बोला.

मूल "आई, मला जमत नाहीये" म्हणाले, तर पुढची दहा मिनिटे फार महत्त्वाची असतात.

*हे टाळा:* "आम्ही काय काय सोसलं तुझ्यासाठी." "शेजारच्या काकांची मुलगी बघ." "दोनच महिने राहिलेत, काढ कसंतरी." "एवढं काय त्यात?"

*हे म्हणा:* "बरं झालं सांगितलंस." "कधीपासून असं होतंय?" "सगळ्यात अवघड काय वाटतंय?" "मी येऊ का तिकडे?"

लगेच उपाय सुचवू नका. आधी ऐकून घ्या. दोन दिवसांसाठी घरी आणा, झोपू द्या, आवडीचे खाऊ घाला, मग निर्णय घ्या. सुट्टीने अभ्यास बुडेल ही भीती वाटेल. आजारी मनाने बसून काढलेल्या दोन दिवसांत तसाही फार अभ्यास होत नसतो.

आई आणि बाबा यांनी एकच बोलावे. एकाने "राहू दे" आणि दुसऱ्याने "सोडायचं नाही" म्हटले, की मूल दोघांच्या मध्ये सापडते. आजी-आजोबा, मामा, आत्या यांनाही सांगून ठेवा की निकालाच्या दिवशी गुण विचारायला फोन करू नयेत. निकालाच्या दिवशी आणि त्यानंतरचे काही दिवस मूल एकटे राहणार नाही, याची व्यवस्था आधीच करा.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठी

तास वाढवण्यापेक्षा पद्धत बदलून पाहा. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके यांच्या प्रयोगात दिसले, की मजकूर पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून काढल्याने तो काही दिवसांनी जास्त लक्षात राहतो. म्हणून एक प्रकरण तीनदा वाचण्याऐवजी एकदा वाचा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा.

- पन्नास मिनिटांनंतर दहा मिनिटे उठा. फोन बघणे म्हणजे विश्रांती नव्हे. पाणी भरा, गच्चीवर चक्कर मारा.
- रोज अर्धा तास घाम येईल असे काही करा. चालणे, सायकल, दोरीवरच्या उड्या, काहीही.
- टेस्टनंतर चुकांचे तीन ढीग करा: येतच नव्हते, येत होते पण चुकले, वेळ पुरला नाही. "मी ढ आहे" हा चौथा ढीग नाही.
- पेपरात ब्लँक झालात तर पेन खाली ठेवा. चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. असे पाच वेळा करून सोप्या प्रश्नापासून पुन्हा सुरुवात करा.
- बोलता येईल असा एक माणूस ठरवून ठेवा. ताई, मावसभाऊ, शाळेतल्या बाई, कुणीही.

रूममेट दोन-तीन दिवस जेवत नसेल, वस्तू वाटून टाकत असेल, निरोपाचे बोलत असेल, तर ते गुपित ठेवू नका. वॉर्डनला किंवा त्याच्या घरी कळवा. ही चुगली नाही.

क्लास निवडताना काय विचाराल?

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार १६ वर्षांखालील मुलांना किंवा दहावीच्या परीक्षेआधी प्रवेश देऊ नये, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त शिकवू नये, आठवड्याची सुट्टी द्यावी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट ठेवू नये. रँकची हमी देणाऱ्या जाहिरातींनाही मनाई आहे. मधेच क्लास सोडल्यास उरलेल्या काळाची फी परत द्यावी, असेही त्यांत म्हटले आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी निर्देश दिले. त्यात गुणांवरून बॅच वेगळ्या करणे आणि चारचौघांत अपमान करणे टाळावे, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे सांगितले आहे.

म्हणून फी भरण्याआधी विचारा: सुट्टी कधी असते? समुपदेशक कोण, त्यांचे शिक्षण काय? मूल दोन दिवस आले नाही तर घरी कोण कळवते? फी परतीचा नियम लेखी द्याल का? टॉपर्सचे फोटो पाहण्याइतकेच हे प्रश्न महत्त्वाचे आहेत.

आणखी एक वर्ष द्यावे का?

रिपीटर वर्षात मित्र पुढे गेलेले असतात आणि "या वेळी तरी" हे दडपण दुप्पट असते. निर्णय निकालाच्या आठवड्यात घेऊ नका. शांतपणे तीन गोष्टी तपासा: मूल आत्ता मनाने बरे आहे का, इच्छा कुणाची आहे, आणि गेल्या वर्षीपेक्षा या वर्षी नेमके काय वेगळे करणार आहोत. तिसऱ्याचे उत्तर फक्त "जास्त अभ्यास" असेल तर पुन्हा विचार करा. उदासीवर उपचार चालू असतील तर आधी ते मार्गी लावा. दुसरी वाट पहिल्या दिवसापासून कागदावर असू द्या: एमएचटी-सीईटीतून अभियांत्रिकी, फार्मसी, कृषी, किंवा नर्सिंग, फिजिओथेरपी, मूलभूत विज्ञान. दुसरे दार माहीत असले की पहिल्या दारापुढची धास्ती कमी होते.

ताबडतोब मदत कधी घ्यावी?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात त्या वर्षी १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. प्रत्येक घटनेमागे एकच कारण नसते आणि परीक्षा हे एकमेव कारण क्वचितच असते. वेळेवर मदत मिळाली तर पुष्कळ जीव वाचू शकतात.

पुढीलपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी हालचाल करा: मरणाविषयी बोलणे किंवा लिहिणे, "माझ्यामुळे तुम्हाला त्रास", "आता सगळं संपेल" अशी वाक्ये, आवडत्या वस्तू देऊन टाकणे, स्वतःला इजा करणे, बरेच दिवस उदास असलेले मूल अचानक विचित्र शांत होणे.

1. थेट विचारा. "तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?" असे विचारल्याने विचार मनात भरत नाहीत. उलट मुलाला मोकळे वाटते.
2. एकटे सोडू नका. होस्टेलला असेल तर तुम्ही पोचेपर्यंत वॉर्डन किंवा नातेवाइकाला शेजारी बसवा. त्याला एकट्याला प्रवासाला लावू नका.
3. धोक्याच्या वस्तू दूर करा. औषधे, कीटकनाशके कुलपात किंवा घराबाहेर ठेवा.
4. रुग्णालयात न्या. जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. टेली-मानसवर १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६ ला फोन करा. मुलांसाठी १०९८ हीही मदतवाहिनी आहे.

पोलीस केसच्या भीतीने उपचार लांबवू नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच मानले जाते, आणि तिला उपचार व पुनर्वसन देण्याची जबाबदारी सरकारवर आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मनाच्या गोळ्यांची सवय लागते का?
नैराश्यावरच्या एसएसआरआय औषधांचे व्यसन लागत नाही. ती बंद करताना हळूहळू कमी करावी लागतात. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागू शकते, म्हणून त्या मेडिकलमधून परस्पर आणू नका.

स्मरणशक्ती वाढवणारे टॉनिक द्यावे का?
कमतरता नसलेल्या मुलाला अशा टॉनिकने गुण वाढतात, याला खात्रीशीर पुरावा नाही. जागे राहण्याच्या गोळ्या तर मुळीच नकोत.

मुलगी डॉक्टरांकडे यायला तयार नाही. काय करू?
"तुला वेड लागलंय का बघू" असे वाटू देऊ नका. "तुझी झोप आणि डोकेदुखी दाखवून येऊ" असे म्हणा, ते खरेही आहे. तरीही नकार आला तर आधी तुम्ही एकटे जाऊन सल्ला घ्या.

हे बाहेर कळले तर पुढे अडचण येईल का?
उपचारांची माहिती गोपनीय ठेवणे डॉक्टर आणि रुग्णालय यांच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. काय आणि कुणाला सांगायचे, हे तुमचे कुटुंब ठरवेल.

क्लास सोडवावाच लागेल का?
बहुतेक मुलांना सोडावा लागत नाही. काही आठवडे टेस्ट कमी करणे, बॅच बदलणे, आईने येऊन सोबत राहणे एवढ्यानेही फरक पडतो. मात्र जिवाला धोका असेल किंवा मूल स्पष्टपणे "मला हे नकोय" म्हणत असेल, तर सोडणे हाही योग्य वैद्यकीय सल्ला असू शकतो.

सुरुवातीच्या हकिगतीतल्यासारख्या मुलांचा उपचार बहुधा असा होतो: काही दिवस घरी, मग रोज साडेसात-आठ तास झोप, आठवड्याला समुपदेशन, दोनऐवजी एक टेस्ट, आणि रात्रीच्या फोनवर गुणांचा प्रश्न बंद. पोटदुखी पुष्कळदा काही आठवड्यांत कमी होते. गुण त्यानंतर, सावकाश सुधारतात. क्रम हाच ठेवा: आधी झोप, मग मन, मग गुण.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. निदान आणि औषधे यांसाठी तुमच्या डॉक्टरांचा प्रत्यक्ष सल्ला घ्या.*